एक हाड राहू देत नाही

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे आचारीच म्हणत. वीस वर्षं हॉटेलात काढून तो इथल्या स्वयंपाकघरात आला, पण हातची सवय काही सुटली नाही. वॉलबी, म्हणजे कांगारूची धाकटी भावंडं. त्यांना तो गाजरं सोलून द्यायचा, वर पावाचे मऊ तुकडे. आईनं टाकलेल्या वाघाच्या बछडीवर तर त्याचा भारीच जीव. तिच्या वाटच्या मांसातलं हाड न् हाड काढायचा, चरबी खरवडायचा, मग एकसारखे तुकडे.

"मला कधी काटे काढून मासा वाढलात का हो?" बायको टोमणा मारायची.

"तुझा जबडा धडधाकट आहे," तो म्हणायचा.

पाचव्या महिन्यात बछडी लंगडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. "हाडं कागदासारखी झालीत, पाय वाकतायत. हिला घालता काय?"

"एक नंबरचं मांस! एक हाड राहू देत नाही मी."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, रानात कोण बसलंय सोलून द्यायला? वाघ शिकारीचं काळीज खातो, कातडं खातो, बारीक हाडं कडाकडा फोडतो. त्यातूनच त्याची हाडं होतात. आणि त्या वॉलबी! त्यांनी राठ गवत, पाला चघळत राहायचं. तुमच्या पावानं हिरड्या सुजल्यात त्यांच्या."

आचाऱ्यानं एक्स-रे उजेडात धरून पाहिला. दुसऱ्या कुणी हयगय केली असती, तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

"चालेल का ती?"

"आजपासून सुधारलंत, तर चालेल. थोडी फेंगडी."

त्यानं वॉलबींपुढे गवताचा भारा टाकला आणि बछडीपुढे अख्खी कोंबडी, पिसांसकट. बछडी फिसकारून कोपऱ्यात गेली. बाई तिला औषध पाजत होत्या, पण कोंबडीला ती तोंड लावेना. दुसऱ्या दिवशी त्याचा हात सुरीकडे गेलाच. एकच तुकडा, मऊसा! मग स्वतःवरच चिडून त्यानं सुरी बाईंच्या टेबलावर नेऊन आदळली. "ही ठेवा तुमच्याकडे. माझा भरवसा नाही."

तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यातून कडकन आवाज आला. तो धावला. बछडीच्या नाकाला पिसं चिकटली होती. तो जवळ जाताच ती पहिल्यांदा त्याच्यावर गुरगुरली. तो मागे सरला.

दोन महिन्यांनी ती पिंजराभर हिंडू लागली. पुढचे पाय मात्र वाकडे ते वाकडेच. त्या दिवशी घरी त्यानं ताट बाजूला सारलं.

"माझ्यामुळं फेंगडी चालते गं ती."

"चालते ना?" बायकोनं ताट पुढे सारलं. "मग जेवा."