उभ्या गाडीची थरथर

माझी गाडी चौदा वर्षांची आहे. बेचाळिसाव्या वर्षी मी ती सेकंड हँड घेतली आणि तिच्यावरच चालवायला शिकले. मी पेणला एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. आई-बाबा रोह्याला असतात. दर रविवारी मला त्यांच्याकडे नेणं हेच त्या गाडीचं मुख्य काम.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती थरथरायला लागली. चालताना नव्हे, उभी असताना. वडखळला वाहनं खोळंबली की स्टिअरिंगवरच्या हातांना झिणझिण्या यायच्या, सीट हलायची, आरसा इतका कापायचा की मागचा एक ट्रक दोन दिसायचा. एसी लावला की आणखीच. गाडी पुढे सरकली, थोडा वेग आला, की सगळं शांत. खांब गावाच्या फाट्यापर्यंत पोचेस्तोवर वाटायचं, आपल्यालाच भास होत असेल.

पेणच्या रामवाडीत हायवेलगत एक गॅरेज आहे. मेकॅनिक पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला, एकेका कॉइलची पिन काढून कुठला सिलिंडर बंद आहे का ते पाहिलं. चारही चालू होते. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो हात पुसत म्हणाला, "ताई, आता इंजिन उघडायला लागेल. माझं ऐकाल तर एवढ्या जुन्या गाडीत जीव अडकवू नका. देऊन टाका."

"बघते," म्हणून मी निघाले. द्यायची नव्हती, पण मनाची तयारी मात्र सुरू झाली होती.

बाबा एका कंपनीत तीस वर्षं पंप ऑपरेटर होते. यंत्रांच्या आवाजात त्यांचे कान हळूहळू गेले आणि निवृत्तीनंतर उरलेसुरलेही गेले. कानाचं मशीन आणलं होतं. पण त्यात माणसाचा आवाज आणि ताटवाटीचा आवाज एकसारखाच येतो, म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. एकदा बाजारात कुणीतरी काही विचारलं, बाबांनी भलतंच उत्तर दिलं, दोघंतिघं हसले. त्या दिवसापासून बाजाराची पिशवी आईच्या हातात गेली. दोन वर्षं बाबा रोह्याबाहेर पडले नव्हते. आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. "जेवलात?" एवढं हातानं विचारायचं आणि बाकी सगळं आईशी. त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याविषयीच.

त्या रविवारी मी दारात गाडी उभी केली, तांदळाची पिशवी आत ठेवायची म्हणून इंजिन चालूच ठेवलं आणि आईशी बोलत बसले. गाडी द्यायचं ठरवतेय, असं तिला सांगत होते. बाहेर आले तर बाबा गाडीशी उभे. तळहात बोनेटवर टेकलेला, डोळे मिटलेले.

"बोनेट उघड गो," ते म्हणाले. त्यांचा आवाज हल्ली नेहमी थोडा मोठा असतो.

मी उघडलं. त्यांनी इंजिनच्या वरच्या झाकणावर हात ठेवला, मग बाजूच्या पत्र्यावर, मग परत झाकणावर. डॉक्टर पोट तपासतो तसं, घाई न करता. बोटानं खूण करून मला एसी लावायला सांगितला, मग बंद करायला. "रेस दे. सोड." हँडब्रेक ओढून पहिल्या गियरमध्ये क्लच जरासा सोडायला लावला, आणि मी तसं केल्यावर मान हलवली. इंजिन एका बाजूनं उचललं जात होतं. मला आत बसून ते दिसत नव्हतं, त्यांना दिसलं.

मग डिकीतला जॅक मागितला. आईनं पाटाचं फळकूट आणून दिलं. इंजिनखाली फळकूट, त्याखाली जॅक, आणि अगदी थोडा, केसभर दाब. स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांना ते आधी कळलं. थरथर निम्म्याहून कमी झाली होती.

"मशीन चांगलं हाय," बाबा उठता उठता म्हणाले. "बेरिंग गेलं तर हाताला मुंग्या येतात. पाया सुटला तर हातच हलतो. हा पाया हाय. फाउंडेशन गेलंय."

इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांना गॅरेजमध्येही फाउंडेशनच म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, ते पंपाचंच बोलतायत. मी वहीचं पान फाडून लिहिलं, 'मेकॅनिकला सांगाल?' त्यांनी वाचलं, पानाची घडी घातली. मग आईला म्हणाले, "माझा निळा शर्ट कुठाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पेणला आलो. शाळेत मी दोन तास उशीर सांगितला होता. वाटेत त्यांनी हात डॅशबोर्डवरच ठेवला होता.

मेकॅनिकनं ऐकून घेतलं, पण पटलं नाही. "ताई, फाउंडेशन मी पाहिलंय. चांगलं आहे. रबराला चीर नाही." मी ते वहीत लिहिलं. बाबांनी वाचलं, मेकॅनिकचं मनगट धरलं आणि त्याचा तळहात आधी इंजिनवर, मग पत्र्यावर ठेवला. कुणी कुणाला काही समजावलं नाही. मला वाटलं, तो हात झटकणार. पण तो थांबला. पुन्हा स्वतःहून हात ठेवून पाहिला.

"काढून बघतो," तो म्हणाला.

उजव्या बाजूचं फाउंडेशन बाहेर आलं तेव्हा वरून धडधाकट दिसत होतं. त्यानं ते उलटं केलं आणि दोन्ही हातांनी वाकवलं. खालच्या अंगानं रबर आरपार फाटलं होतं. "मी वरूनच पाहिलं होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मग बाबांकडे वळून, ओठ दिसतील असं सावकाश, "काका, बरोबर."

नवं फाउंडेशन पनवेलहून यायला एक दिवस गेला, तोवर बाबा माझ्याकडेच राहिले. ते बसवलं तरी बारीकशी थरथर उरलीच. बाबांनी पुन्हा हात लावला आणि डोकं हलवलं. "हे मला नाय कळत." ते मेकॅनिकनं शोधलं. व्हॅक्यूमचा बोटभर पाईप टोकाला चिरला होता आणि तिथून हवा ओढली जात होती. त्यानं तो पाईप बाबांच्या हातात दिला. बाबांनी चीर उघडून बघितली आणि हसले. आपलं निदान बरोबर आलं तेव्हा हसले नव्हते, दुसऱ्याचं आलं तेव्हा हसले.

गाडी आता उभी असली की चालू आहे की बंद, हे बघावं लागतं. रविवारी मी बाबांच्या शेजारी बसते आणि वहीत लिहिते. कधी कधी लिहायलाही लागत नाही, तोंडाकडे बघून त्यांना पुष्कळ कळतं. ते मला पूर्वीही कळू शकलं असतं.

शिमग्याच्या सुमारास मेकॅनिकचा मला फोन आला. एक टेंपो आलाय, तीन ठिकाणी दाखवून झालाय, हादरे जात नाहीत. "काकांना जमेल का यायला?" मी म्हटलं, रविवारी आणते. आईनं हे बाबांना लिहून दाखवलं, तर ते रविवारची वाट पाहायला तयार नव्हते. दोन दिवसांनी सकाळच्या पॅसेंजरनं एकटेच पेणला आले. मला कळलं ते दुपारी, मेकॅनिकनं सांगितलं तेव्हा. मी शाळेतून तशीच स्टेशनवर गेले. ते बाकावर बसले होते, निळ्या शर्टाच्या बाहीला ग्रीस लागलं होतं.

'टेंपोचं काय निघालं?' मी लिहिलं.

"अजून नाय कळलं," ते म्हणाले. "दोघांनी डोकं लावलंय. शुक्रवारी परत येतो."