मी बसलोय, फोन करा

स्टुडिओत आल्याआल्या काका आधी फोनचा रिसीव्हर उचलायचे. कानाला लावून आतला आवाज ऐकायचे, खांद्यावरच्या टॉवेलने रिसीव्हर पुसून जागेवर ठेवायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "जिता हाय." मग चपला काढून बसायचे.

आमचा स्टुडिओ म्हणजे वसईतल्या एका वाचनालयाच्या माडीवरच्या दोन खोल्या. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गोधड्या ठोकलेल्या. तिथून चालणारा आमचा सामुदायिक रेडिओ हवा बरी असली तर राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत ऐकू येतो, नाही तर स्टेशनच्या पुलापर्यंत. काकांच्या गावाला, जूचंद्रला, तो लागतच नाही. इतकी वर्षं हा माणूस रेडिओवर बोलत होता आणि त्याच्या घरच्यांनी त्याला रेडिओवर एकदाही ऐकलं नव्हतं. "बरा हाय," ते म्हणायचे, "तेच घरी जाऊन परत सांगितला तरी नवीन वाटतं."

आमच्याकडे येण्याआधी ते खाडीकडच्या मिठागरावर उघाडी राखायचे. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीच्या वेळी तिथे माणूस बसलेला लागतो. शंभर वेळा काहीच होत नाही, म्हणून एकदा उठून गेलं की खारं पाणी नको तिथे शिरतं. मिठागर बंद झालं आणि काका रेडिओवर भरती-ओहोटीच्या वेळा सांगायला आले. पुढे ते सगळंच सांगू लागले. हरवलेली शेळी, लसीकरणाची तारीख, चर्चमधल्या मिस्साच्या वेळा, सगळं त्याच आवाजात. मिस्साची वेळ ऐकताना पाणी चढतंय असं वाटायचं, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

सणांची आमच्यात अदलाबदल असे. गणपती आणि दिवाळीला आम्ही ख्रिस्ती मंडळी स्टुडिओ सांभाळायचो, नाताळात काका. पंचवीस तारखेला दुपारी तीन ते पाच ते एकटे बसत. मिस्सा झालेली असते, जेवणं झालेली असतात, आणि ज्यांच्याकडे कोणी आलेलं नसतं त्यांना घर मोठं वाटायला लागतं, ती ही वेळ. काका दोन गाणी लावायचे आणि म्हणायचे, "मी बसलोय. फोन करा, उचलतो." लोक करायचे. कुणाची मुलं कॅनडात, कुणाची दुबईला, कुणाची इथे जवळ मनवेलपाड्यात असूनही न आलेली. काकांचा प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच. "जेवलास का? काय केला होता?"

एकदा गावोगावचे नाताळचे गोठे बघून रेडिओवर सांगायला मी त्यांना पाठवलं. लोक बाळ येशूची मूर्ती बघतात, रोषणाई बघतात. काका प्रत्येक गोठ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यातला चिमुकला ओढा बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी रेडिओवरून निकाल दिला, "सजावट सगल्यांची चांगली हाय. पन पहिल्या गोठ्याचा बांध कच्चा हाय. मेंढरं भिजतील." त्या गोठ्याच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी बांध पक्का केला आणि काकांना परत बघायला बोलावलं.

दर नाताळला पहिला फोन राजोडीच्या एका मावशींचा. त्या एकट्या राहायच्या. गाण्याची फर्माईश त्यांनी कधी केली नाही. पिठाचे फुगे किती तळले, इंद्यालचा रस्सा कसा झाला, ते सांगायच्या. मागे त्यांचा रेडिओ मोठ्याने चालू असायचा. "मावशी, रेडिओ बारीक कर, मी दोनदोनदा बोलतोय," काका म्हणायचे. ठेवताना मावशींचं ठरलेलं वाक्य असे, "भाऊ, सणाचा उपाशी बसलास. तुझा वाटा काढून ठेवलाय." दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

आता माझं सांगते. कार्यक्रमांची आखणी माझ्याकडे आणि कामाचा उरक ही माझी मोठी ऐट. त्या वर्षी आम्हाला नवीन सॉफ्टवेअर मिळालं होतं. कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून भरून ठेवायचा, वेळ लावायची, बाकी कॉम्प्युटर बघतो. काकांना थंडीत खोकला धरला होता. मी म्हटलं, "यंदा तुम्ही घरी बसा. मी सगळं भरून ठेवते."

"फोन कोन घेल?"

"हल्ली फोन कोण करतं काका? सगळे मोबाईलवर मेसेज टाकतात."

त्यांनी रिसीव्हर उचलून पाहिला, ठेवला. "बरा. तू म्हनतेस तर."

मागच्या दोन-तीन नाताळांच्या रेकॉर्डिंगमधून मी छान कार्यक्रम जुळवला. काकांचं ते वाक्यही त्यात आलं. कापताना माझ्या लक्षात आलं होतं, यंदा हे खोटं ठरेल. ते नजरचुकीने राहून गेलं असतं तर निदान चूक म्हणता आली असती. ते वाक्य मला आवडत होतं, म्हणून ठेवलं.

पंचवीस तारखेला दुपारी आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. काकांचा आवाज आला, "मी बसलोय. फोन करा, उचलतो." आई म्हणाली, "यंदाही बसले का गं बिचारे?" मी म्हटलं, "छे, भरलेलं आहे." आई म्हणाली, "मग फोन?" बाहेरून कुणीतरी सांदणं मागितली आणि मी ताट घेऊन गेले. वाढताना तो प्रश्न मला दोनदा आठवला. गेले मात्र नाही. स्टुडिओ घरापासून दहा मिनिटांवर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा काका जिन्यात बसले होते. बंद दारासमोर फडक्यात बांधलेला डबा होता, त्यावर मुंग्यांची रांग. मी दार उघडल्यावर त्यांनी फोनच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. एकाच नंबरचे अकरा फोन येऊन गेलेले. त्यांनी तो नंबर लावला.

"मावशी, मी बोलतोय."

मावशींचा आवाज रिसीव्हरमधून मलाही ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, "आत होतास ना काल?"

"नव्हतो, मावशी."

"खोटं नको बोलूस भाऊ. आवाज आयकला मी. फोन उचलत नाय, म्हटलं चक्कर येऊन पडला का काय. रिक्षा करून आले, जिना चढले. दार ठोकतेय, आणि तू आतून सांगतोस, मी बसलोय. नसंल उघडायचं तर तसं सांगायचं."

आणि फोन ठेवला.

प्रसारण नीट चाललंय की नाही ते कळावं म्हणून स्टुडिओत एक लहान स्पीकर कायम चालू असतो. तो बंद करायचं मला सुचलं नव्हतं.

मुंग्या झटकून काकांनी डबा धुतला, घरी नेला आणि दोन दिवसांनी परत आणला. डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात घरच्या शेताचे नवे तांदूळ भरले होते. आम्ही दोघं राजोडीला गेलो.

मावशींनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मी कॉम्प्युटरबद्दल सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. "असंल बाय," त्या म्हणाल्या. डबा त्यांनी न उघडता टेबलावर ठेवला. काकांकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोर आलेला माणूस, पण त्याला "जेवलास का" असं कोणी विचारलं नाही. परत येताना काका रिक्षात एवढंच म्हणाले, "तिच्या जागी मी असतो तर मीबी नसता धरला खरा."

पुढच्या नाताळला ते हट्टाने येऊन बसले. खोकला वाढला होता, अंगात दोन स्वेटर. मीही घरी न जाता शेजारच्या खोलीत बसले. फोन बरेच आले, राजोडीचा आला नाही. मधल्या वेळात काका रिसीव्हर उचलून ऐकत होते. "जिता हाय," ते म्हणायचे, पण आता ते कुणाला ऐकू जावं असं म्हणत नव्हते. पाच वाजून गेल्यावरही ते अर्धा तास उठले नाहीत.

पावसाळ्यात काका गेले.

परवाच्या नाताळला मी बसले. आईला सांगितलं, जेवायला थांबू नका. तीन वाजता माइक उघडून मी म्हटलं, "मी बसले आहे. फोन करा." काकांसारखं ते मला जमत नाही, सूचना दिल्यासारखं वाटतं. पहिलं गाणं संपता संपता फोन वाजला.

"तू खरी बसलीस का भरलेली?"

मागे रेडिओ मोठ्याने चालू होता. माझा श्वास मला दोनदा ऐकू येत होता.

"खरी आहे, मावशी."

"भाऊ कुठं हाय?"

हे सगळं थेट प्रसारित होत होतं. मी सांगितलं. पलीकडे रेडिओ बारीक झाला, मग बंद झाला.

"ते तांदूल मी दुसऱ्याच दिवशी शिजवले होते," मावशी म्हणाल्या. "गोड होते. त्याला सांगायचं ऱ्हायलं."

त्या दिवशी हवा चांगली होती. राजोडीच्या किनाऱ्यापासून स्टेशनच्या पुलापर्यंत ज्यांचे रेडिओ चालू होते त्या सगळ्यांनी मावशींचं बोलणं ऐकलं असेल. जूचंद्रला आमचा रेडिओ लागत नाही.