पिठातली चाकोरी

आधीच सांगतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. घरात कुणी असल्या गोष्टी काढल्या की मी ताट उचलून ओट्यावर जेवायला जायचो. आता ऐंशी जवळ आली तरी खोड तीच. म्हणूनच हे इतकी वर्षं लिहिलं नाही... लोक म्हणाले असते, आला म्हातारा वळणावर!

महायुद्ध चालू होतं. मी नगरजवळ भिंगारला लष्कराच्या एका शाळेत ड्राफ्ट्समन होतो. तिथे जवानांना लांबून गाड्या ओळखायला शिकवत — आपली कुठली, शत्रूची कुठली. त्यासाठी लाकडाची छोटी मॉडेल्स लागत. ती करायचे रामभाऊ मिस्त्री, मूळचे पाथर्डीकडचे. त्यांच्याच घरात पुढच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. साहेबाने फर्मान सोडलं की प्रत्येक मॉडेलचा फोटो हवा, दूरच्या छावण्यांना पाठवायचाय, आणि सावली अजिबात नको. आता माझ्याकडे ना दिवे, ना स्टुडिओ. एक जुना प्लेट कॅमेरा आणि नगरचं ऊन, एवढंच भांडवल!

पण मीही हट्टाला पेटलो. चहाचं रिकामं खोकं अंगणात आडवं ठेवलं, वरची आणि बाजूच्या फळ्या काढल्या, तिथे माझं जुनं धोतर ताणून चुका मारल्या. दोन्ही अंगांना आरसे लावले. धोतरातून गाळून आलेलं ऊन छान मऊ पडायचं. तरी तळ आणि मागची फळी मिळतात तिथे काळी रेघ यायचीच. कागद लावला, तो फुगला. चुना लावला, तो तडकला. तीन रविवार त्यात गेले. शेवटी मिस्त्रींच्या बायकोकडून, गिरजाबाईंकडून, तांदळाचं पीठ मागून आणलं. ते तळाला पसरलं आणि मागच्या कोपऱ्यात थोडं चढवलं. रेघ गायब! गाडीच्या पोटाखाली अंधार राहत होता, म्हणून मागे एक पणतीही लावली.

त्या रविवारी लॉरीची पाळी होती. मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा एकनाथ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तसलीच लॉरी चालवत होता. चार महिने त्याचं पत्र नव्हतं. मिस्त्रींनी त्या मॉडेलमध्ये जीव ओतला होता. टायरवरची नक्षीसुद्धा कोरली होती. चाकं मात्र सरसाने पक्की चिकटवलेली, फिरायची नाहीत.

भर बाराला ढग आला. धूळ जाऊ नये म्हणून मी खोक्याच्या तोंडावर वेताची मोठी पाटी झाकली आणि जेवायला बसलो. चार घास झाले नसतील, तोच अंगणातून गिरजाबाईंची किंकाळी आली. मी उष्ट्या हाताने धावलो.

"जित्या मानसाचं पीठ मांडलं व्हय, भाऊसाहेब?" त्यांनी पाटीकडे बोट केलं. "माझ्या पोराच्या गाडीखाली?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पीठ, दिवा, वर पाटी... माणूस गेला की त्या जागी आमच्याकडे हेच मांडतात. मग पाटी उचलून पिठात कसला ठसा उमटला ते बघायचं, म्हणजे गेलेला कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. माझ्या वडिलांच्या वेळी मी स्वतः मांडलं होतं. आणि रेघ घालवायच्या नादात माझ्या हे लक्षातही येऊ नये! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, नुसतं पीठ आहे. बघा, काही नाही त्यात," म्हणत मी पाटी उचलली.

लॉरीचं तोंड कॅमेऱ्याकडेच होतं, पण ती चांगली वीतभर मागे सरकली होती. तिच्या बॉनेटपुढे पिठात चाकोरी उमटली होती. दोन पट्टे, मध्येच डावीकडे वळलेले. आणि पट्ट्यांत टायरची नक्षी, अगदी स्पष्ट.

"गेला माझा एकनाथ," म्हणत गिरजाबाई रडू लागल्या.

मिस्त्री आवाज ऐकून कामाच्या छपराखालून आले होते. ते खोक्यापुढे गुडघे टेकून बराच वेळ बघत राहिले, स्वतःच्या कामातली चूक शोधताना बघायचे तसे. मग म्हणाले, "रडू नगं. गेल्याली गाडी म्होरं जाती. ही मागं आलीया. पोरगं माघारी फिरलंय."

मी त्या चाकोरीचा फोटो घेतला. गिरजाबाईंनी त्या पिठाला नंतर कुणाला हात लावू दिला नाही. त्यामुळे मला दुसरं खोकं करावं लागलं. केलं. त्यात लॉरी ढकलून पाहिली, ओढून पाहिली — नुसते ओरखडे उठायचे, नक्षी उमटायची नाही. उंदीर म्हणावा तर पावलं नव्हती. मिस्त्रींवरही संशय घेतला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, करून दाखवा. ते दोन दिवस खपले, त्यांनाही जमलं नाही.

पत्र आलंच नाही. लढाई संपल्यावर एक दिवस एकनाथच आला, लंगडत. गिरजाबाईंनी त्याला दारातच कवटाळलं, बराच वेळ सोडलं नाही. पिठाचं त्याला सांगायचं नाही, असं मी आधीच दोघांकडून वचन घेतलं होतं. चहा झाल्यावर विचारलं, "एकनाथ, जिवावरचा प्रसंग कुठला रे?"

"पूल उडाला ना म्होरं," तो म्हणाला. "भर दुपारची येळ. येका अंगाला डोंगूर, येका अंगाला दरी. वळवायला जागा न्हाई. समदा रस्ता गाडी रिव्हर्स घेतली, भाऊसाहेब."

"वळण होतं?"

त्याने चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर रस्ता काढला. मी खिशातला फोटो काढून शेजारी ठेवला. वळण तेच होतं. एकनाथने फोटोकडे पाहिलं, मग आईकडे. गिरजाबाई उठल्या आणि त्यांनी खोक्यातलं पीठ मुंग्यांना नेऊन घातलं.

यावर मला कुणी काही सुचवू नये, सगळं करून झालंय. उलगडा नाही तो नाहीच. ती लॉरी पुढे मिस्त्रींनी मला दिली. आत्ता हे लिहितानाही ती टेबलावर आहे. अधूनमधून मी अंगठ्याने तिचं चाक रेटून बघतो. फिरत नाही.