पाडायचं, मग उचलायचं

खिलाडूवृत्ती हा शब्द ऐकला की मला अजूनही मळमळतं. ज्यांच्या तोंडून तो मी सगळ्यात जास्त वेळा ऐकला, ते आमच्या पार्ल्याच्या कॉलेजच्या जिमखान्याचे प्रमुख होते आणि त्यांनी जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. मूळचे ते खो-खोचे. आधीचे फुटबॉलचे सर निवृत्त झाले आणि ही टीम यांच्या गळ्यात पडली. मी त्यांना 'ते' आणि 'सर' म्हणतोय ती जुनी सवय आहे, आदर समजू नये.

सरावाच्या वेळी सर बदामाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसत. हातात चहाचा ग्लास, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना मैदानाची माती कधी लागली नाही. तिथून ते उंटावरून शेळ्या हाकत: "प्रेशर ठेवा! प्रेशर!" कुणावर ठेवायचं, कसं ठेवायचं, हे त्यांना कुणी विचारायचं नाही. ऑफसाइडची शिट्टी झाली की ते शेजारच्याकडे बघून त्याच्यासारखी मान हलवत. मी गोलकीपर होतो. त्यामुळे समोर चाललेला सगळा मूर्खपणा मला नीट दिसायचा.

पण एका गोष्टीत सरांचं डोकं चाललं, हे मान्य करायला हवं. आमच्या आंतरकॉलेज स्पर्धेत विजेत्यांच्या कपाशिवाय एक खिलाडूवृत्तीची ढाल असे. कप आमच्या आवाक्यातला नव्हता, हे सरांनाही कळत होतं. ढाल मात्र मिळण्यासारखी होती. आणि आमच्या प्राचार्यांना त्यांच्या केबिनमधल्या कपाटात मांडायला काहीतरी चकचकीत हवंच होतं.

म्हणून सरांनी एक नवा सराव काढला. दर शनिवारी अर्ध्या टीमने पडायचं आणि अर्ध्या टीमने उचलायचं. थट्टा नाही, खरंच. समोरच्याला आडवा केला की रेफ्री धावत पोचायच्या आत त्याच्या काखांत हात घालायचे, त्याला उभा करायचा, पाठीवर थाप मारायची आणि दोन्ही हात वर करून 'सॉरी' म्हणायचं. मग रेफ्रीचा कार्डाकडे निघालेला हात खिशातच राहतो आणि लोक वर टाळ्या वाजवतात. "पाडा, पण शिट्टीच्या आत उचला," सर म्हणायचे. "याला संस्कार म्हणतात." वरून कीर्तन आणि आतून तमाशा असले संस्कार मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

आमचा कॅप्टन या विद्येत पारंगत झाला. बापाचं घाटकोपरला कपड्यांचं दुकान, त्यामुळे दुकानदाराचं ते हसू त्याच्या तोंडावर कायमचं चिकटलेलं. तो माणसावर जायचा, चेंडूवर नाही, आणि मग असा काही कळवळून उचलायचा की पडलेलाच त्याला 'थँक यू' म्हणायचा.

मी काही साधुसंत नव्हतो. मी दहिसरचा, आमच्या चाळीतली पोरं उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात खेळायची. तिथे नडग्या फुटायच्या, आईबहिणीवरून शिव्या व्हायच्या. पण चेंडूवर जायचं, माणूस मध्ये आला तर आला, माणूस शोधून त्याच्यावर जायचं नाही, एवढं आम्हाला न सांगता कळत होतं. जोरात खेळायचं आणि नीट खेळायचं, यात काय अवघड आहे ते मला आजही समजत नाही. कुणी पडला की आधी विचारायचं, "कुठे लागलं रे?" तो 'उचल' म्हणाला की मगच उचलायचं.

त्याच नदीच्या पात्रात माझ्याबरोबर खेळत वाढलेला माझा शेजारी बोरिवलीच्या एका कॉलेजकडून खेळायचा. राइट विंगला. त्याच्यासारखा पळणारा पोरगा मी परत पाहिला नाही. संपानंतर त्याच्या वडिलांची गिरणी सुरूच झाली नाही. ते घरी बसून रेडिओ दुरुस्त करायचे, लोकांनी दुरुस्तीला आणलेले आणि न आणलेलेही. त्याला एका बँकेने ट्रायलला बोलावलं होतं. बँकांच्या तेव्हा आपापल्या टीम असत, टीममध्ये घेतलं की नोकरी पक्की. ट्रायल आमच्या मॅचनंतरच्या रविवारी होती. त्या घरातली चूल त्या एका रविवारवर अवलंबून होती, आणि हे चाळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्या कॉलेजशी आमची मॅच अंधेरीला होती. मधल्या रेषेजवळ पाहुण्यांसाठी कापडी मांडव, त्यात सोफा, सोफ्यावर प्राचार्य, सर आणि ढालीचा निकाल देणारे पाहुणे. माझा शेजारी आमच्या पोरांना अक्षरशः नाचवत होता. दुसऱ्या हाफमध्ये तो चेंडू घेऊन मांडवासमोरून निघाला आणि कॅप्टन बाजूने त्याच्यावर गेला. चेंडू केव्हाच पुढे गेला होता.

तो पडला आणि पडूनच राहिला. मी गोलमधून बघत होतो. हा पोरगा लहानपणापासून पडला की दुसऱ्या क्षणी उठून शिवी घालणारा. आता त्याने दोन्ही हातांनी घोटा धरला होता. कॅप्टन वाकला. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "उचलू नको! उचलू नको रे त्याला!" आणि धावत सुटलो. पण शनिवारचा सराव पक्का होता. कॅप्टनने काखांत हात घातले, त्याला उभा केला, त्याच पायावर, आणि पाठीवर थाप मारली. शेजाऱ्याच्या तोंडून निघालेला आवाज टाळ्यांत बुडाला. मांडवातले पाहुणे उठून टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्या शेजारी आमचे सर, पोरीचं लग्न जमल्यासारखे कृतार्थ.

रिक्षात घालून त्याला हॉस्पिटलात मीच नेला. त्याला आत प्लास्टर घालत होते तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "पडल्यावर याला उभं कोणी केलं? नुसती चीर होती, भार दिल्यामुळे हाड सरकलंय." मी हे दुसऱ्या दिवशी सरांना जसंच्या तसं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "डॉक्टर लोक काहीही बोलतात. त्याला कॅल्शियम कमी असेल." त्याच आठवड्यात ढाल आम्हाला जाहीर झाली. निकाल देणाऱ्या पाहुण्यांनी भाषणात त्या उचलण्याचा खास उल्लेख केला आणि आमच्या टीमने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ट्रायलचा रविवार तो खाटेवर पडून असताना गेला. त्यानंतर सर आणि कॅप्टन मोसंब्यांची पिशवी घेऊन चाळीत आले. बरोबर कॉलेजच्या मासिकासाठी फोटो काढणारा. शेजाऱ्याच्या आईची धांदल उडाली. एवढे मोठे लोक तिच्या खोलीत कधी आले नव्हते. "साहेब, चाय घेतल्याशिवाय जावचा नाय हां," ती पदराने खुर्ची पुसत म्हणाली. सरांनी खुर्ची पुन्हा आपल्या रुमालाने पुसली आणि मग बसले. कॅप्टनने शेजाऱ्याचा हात हातात घेतला, फोटो निघाला.

"सर, बँकेच्या साहेबांना तुम्ही एक शब्द सांगाल?" शेजारी म्हणाला. "मॅचमध्ये लागलं म्हणून. पुन्हा बोलावतील कदाचित."

"बघू, बघू," सर म्हणाले. "तू हे खिलाडूवृत्तीने घे." त्यांनी त्या बँकेला कधीही काही सांगितलं नाही, हे सांगायला नकोच. बँकेने दुसरा पोरगा घेतला.

ते गेल्यावर मी शेजाऱ्याच्या खाटेवर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. शनिवारचा सराव, ढाल, डॉक्टर काय म्हणाले ते. रागाने माझा आवाज फाटत होता. तो मोसंबं सोलत ऐकत होता.

"तुझा कॅप्टन बरा आहे यार," तो म्हणाला. "मी पडलो तेव्हा तोच आला ना धावत. आज पण आला."

"अरे, त्यानेच पाय घालवला तुझा! नाटक करतो तो!"

"करत असेल. पण तू काय ओरडत होतास ते पण ऐकलंय मी." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "उचलू नको त्याला. आख्ख्या ग्राउंडवर तुझाच आवाज. आपण एका चाळीतले ना रे?"

"पाय वाचावा म्हणून ओरडत होतो!"

"आता काय, काहीही बोलशील."

मला रडू येत होतं आणि त्याचं मुस्काट फोडावंसं पण वाटत होतं. त्याची आई आत आली. त्याने सोललेलं मोसंबं तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "खा गो आये, त्या कॅप्टनान आणल्यान."