वत्सलाकाकूंचा बिनकुलपाचा फोन

"काकू, फोनला लॉक कोणतं होतं? पॅटर्न की आकडे?"

"लॉक? लॉक कायले लावू बाप्पा? पाव्हणे फोटो पाहाले येतात. दरखेपी कुलूप उघडत बसू काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मालेगावच्या स्टँडजवळ माझं मोबाइल विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. मालेगाव म्हणजे आमचं वाशिम जिल्ह्यातलं, नाशिककडचं नव्हे. रोज कुणी ना कुणी हरवलेल्या फोनचं रडगाणं घेऊन येतो आणि मी त्याला आधी दोन शब्द सुनावतो. काकूंना मात्र सुनावता येईना. त्या पिशवी पुन्हा पुन्हा उपसून पाहत होत्या.

वत्सलाकाकू केनवडच्या. लग्नं जुळवणं हा त्यांचा धंदा. ऑफिस म्हणजे एक कापडी पिशवी आणि मीच विकलेला फोन. त्या दिवशी किन्हीराजाला एक स्थळ पाहून त्या काळीपिवळीनं मालेगावला उतरल्या आणि फोन सीटवरच राहिला. जीप सवाऱ्या भरून परत फिरली होती. माझ्या फोनवरून रिंग दिली, पण कुणी उचलला नाही. स्थळ पाहताना काकू फोन सायलेंट ठेवतात.

"जाऊ द्या, नवा घेऊ. हप्त्यानं देतो," मी म्हणालो.

"फोन गेला चुलीत! त्यात पोरीईचे फोटो हायेत प्रफुल. जन्मतारीख, गाव, बापाचा नंबर, समदं. लोकाईनं मह्या भरवशावर देल्लं." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

"सिम बंद करून टाकू काय?" त्यांनीच विचारलं.

"आत्ता नाही." ही चूक सगळे करतात. सिम बंद झालं की फोनचं नेट जातं, आणि मग लांबून त्याला काहीच करता येत नाही. प्रत्येक फोनमध्ये एक मेल आयडी असतो. तो आयडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की फोन कुठे आहे ते दिसतं, तो सायलेंट असला तरी वाजवता येतो, लॉक करता येतो किंवा पुसता येतो. फोन चालू हवा, नेट चालू हवं आणि आयडीचा पासवर्ड माहीत हवा.

"पासवर्ड काय तुमचा?"

"मले काय माईत? तूच तं टाकला होता."

खरं होतं. नवा फोन घेणाऱ्याला आयडी आम्हीच काढून देतो. लोक पासवर्ड विसरतात, पुन्हा दुकानात येतात, तास जातो. म्हणून मी वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच पासवर्ड ठेवत आलो, दुकानाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. मला ती ग्राहकसेवा वाटायची.

तोच टाकला. पहिल्या फटक्यात उघडलं. मी खुशीत मांडीवर थाप मारली.

काकू मागं उभ्या होत्या. "तुले कसा काय पाठ हाय रे?"

"सगळ्यांचा तोच असतो काकू."

"सगळ्याईचा? म्हंजे तुले कोनाचाबी फोन उघडता येते?"

माझ्याकडे काम करून गेलेल्या प्रत्येकालाही तो पासवर्ड पाठ होता, हे त्या क्षणी डोक्यात आलं आणि कानशिलं गरम झाली.

नकाशावर फोन किन्हीराजाच्या दिशेनं चालला होता. वाजवावा तर ज्याच्या हातात आहे तो घाबरून बंद करून टाकेल. पुसावा तर काकूंकडे फोटोंची दुसरी एकही प्रत नव्हती.

"पुसून टाक," काकू म्हणाल्या.

"सगळं जाईल. धंदा बसेल तुमचा."

"धंदा मी परत गावोगाव फिरून उभा करीन. पोरीचा फोटो भलत्याच्या हाती गेला तं काय उभं करू?"

ही बाई मला तेव्हा फार मोठी वाटली. पण म्हटलं, आधी लॉक लावून पाहू, पाच मिनिटांत नाही लागलं तर पुसू. लॉकचा हुकूम पाठवला आणि फोनच्या स्क्रीनवर माझा नंबर दिसेल असं केलं. काकू घड्याळाकडे पाहत बसल्या. तिसऱ्या मिनिटाला 'लॉक झाला' असं दिसलं. पाचव्याला माझा फोन वाजला.

"दादा, हा फोन मले जीपीत सापडला," पलीकडून एक बाई. "मी पोरी पाहून राह्यली होती, अन् मधातच बंद पडला. थे निळ्या साडीतली बी.एस्सी. पोरगी हाय ना, मह्या भाच्याले जमते. गाव कोनतं तिचं?"

काकूंनी माझ्या हातातून फोन ओढला. "बाई, माहा फोन डायवरापाशी द्या, लय उपकार होतीन. पन गाव नाई सांगनार. पहिले पोरीच्या घरी इचारीन. तुमी भाच्याचा बायोडाटा धाडा."

तासाभरात ड्रायव्हरनं फोन आणून दिला. मी सहा आकडी लॉक लावून दिलं, जन्मतारखेचे आकडे सोडून. फोटो कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवले. पाहुण्याला दाखवायचा असेल तेवढाच बाहेर काढायचा. मग मेलचा पासवर्ड बदलायची वेळ आली.

"तोंड तिकडं कर," काकू म्हणाल्या. मी मुकाट्यानं भिंतीकडं तोंड केलं.

निघण्याआधी काकूंनी माझ्या दुकानात बसूनच मुलींच्या घरी फोन लावायला सुरुवात केली. फोन हरवला होता, परक्या बाईनं फोटो पाहिले, असं सरळ सांगत होत्या. मी म्हणालो, "कशाला सांगता? कुणाला कळलंही नसतं."

"फोटो त्याईचे होते. माहे नाई."

दोन घरांनी बायोडाटा परत घेतला. काकूंनी वाद घातला नाही.

त्यानंतर मी जुन्या ग्राहकांना एकेक करून फोन करतोय: या आणि पासवर्ड बदलून घ्या. निम्मे म्हणतात, राहू दे, तुझ्यापाशीच असू दे. त्यांना समजावताना घसा बसतो. माणूस भला असला म्हणून सगळ्या गावाच्या किल्ल्या त्याच्या खिशात असाव्यात असं नाही, आणि मी काही फार भलाही नाही.

मागच्या आठवड्यात काकू पुन्हा आल्या. फोनमध्ये मेल उघडत नव्हता.

"पासवर्ड काय ठेवला होता?"

"इसरली बाप्पा. पन तुले सांगतला नव्हता, हे पक्कं आठवते."

तो आयडी सोडवायला दीड तास गेला. मी चकार शब्द काढला नाही.