चौकच्या मिस्त्रीला न दिलेली गाडी

माझा धाकटा भाऊ माझ्या हट्टापायी गेला, असं आमच्याकडे सगळे मानतात. वडीलही तेच मानत. त्यांनी तेच मानावं, एवढीच माझी धडपड होती. खरं कळलं असतं तर ते चार दिवससुद्धा जगले नसते.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने आपलं भंगार लिलावात काढलं. मी खोपोलीला फिटर होतो. एक मोटरसायकल उचलली आणि बैलगाडीत घालून लोधिवलीला घरी आणली. गाव पोट धरून हसलं. मोटार बैलांनी ओढून आणल्यावर कोण सोडतो?

तिचा हिरवा लष्करी रंग मी खरवडून काढला. हँडल लोहाराच्या भट्टीवर तापवून माझ्या मापाने वाकवलं. मागे भावासाठी सागाची फळी बसवली आणि तिच्यावर काथ्याची गादी. जवळच्या चौक गावाला हमरस्त्यावर एक मिस्त्री होता, लढाईत फौजेच्या गाड्या दुरुस्त करून आलेला. तो म्हणायचा, "रंग, गादी, काय वाटंल ते कर. ब्रेक तेवढं माज्याकडं दे." मी दिले नाहीत. आपला हात जगन्नाथ. दुसऱ्याने आवळलेल्या नटावर माझा कधी विश्वास बसला नाही, आणि आपल्याला मिस्त्रीपेक्षा जास्त कळतं ही गुर्मीही होती, ती कशाला लपवू? वडील तर बाजारात सांगत फिरायचे, "माज्या पोराला मिस्तरी लागत नाय."

दिवाळी तोंडावर आली. बहिणीला भाऊबीजेचं बोलावणं करायला मी आणि भाऊ लोणावळ्याला निघणार होतो. आमच्या घरात एक रीत होती. घाट चढायचा असेल तर निघण्याआधी वडीलधाऱ्याने आपल्या हाताने चाकांना करंजेल घालायचं. कुणाला सांगायचं नाही. तेल घालायचं, चाकाला हात लावून कपाळाला लावायचा, आणि बाजूला व्हायचं. रीत बैलगाडीची होती. त्या सकाळी मी विहिरीवर अंघोळीला गेलो होतो.

चौकला पोचेपर्यंत ब्रेक जरा ढिले लागले. योगायोगाने थांबलो तो मिस्त्रीच्याच दारासमोर. पक्कड काढली आणि ब्रेकच्या दोन्ही तारा थोड्या आवळल्या. तो चहा पीत उभा होता.

"बघू का?" त्याने विचारलं.

"नको, झालं," मी म्हणालो.

घाट चढताना ब्रेकचं फारसं काम पडत नाही. लोणावळ्यात बहिणीने जेवू घातलं, भावाने दोनदा भात मागून घेतला. उतरताना एका वळणावर मी पाय दाबला, हात दाबला, आणि गाडी तशीच पुढे गेली. कठड्यावर आपटून मी रस्त्यातच पडलो. भाऊ कठड्यापलीकडे गेला.

पुढचे दिवस मला आठवतात, पण आत काही जाणवत नव्हतं. माणसं रडत होती हे दिसायचं. मी येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत होतो.

तेराव्यानंतर वडील म्हणाले, "गाडी मिस्तरीला दाव. काय झालं त्ये मला कळाया पायजे." पुन्हा बैल जोडले. वडील गॅरेजबाहेर बाकावर बसले. मिस्त्रीने मागचं चाक उघडलं. ब्रेकचे पट्टे तेलाने माखून निसरडे झाले होते आणि करंजेलाचा उग्र वास आला. पुढच्या चाकातही तेच. आसाच्या फटीतून कुणीतरी सढळ हाताने ओतलेलं. बैलगाडी हाकून करंजेलाचा वास वडिलांच्या अंगालाच असे, तेव्हा बाहेर बसून त्यांना तो वेगळा जाणवला नसावा.

"कुनी घातलं रं?" मिस्त्रीने हळूच विचारलं.

"मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. फिटर माणूस ब्रेकमध्ये तेल ओतत नाही, हे त्याला मी सांगायला नको होतं. मग त्याने बाहेर बाकाकडे पाहिलं आणि चिंधी घेऊन पट्टे पुसायला लागला.

"काय निघालं?" वडिलांनी बाहेरून विचारलं.

"ब्रेकच्या तारा आवळताना मी चुकलो," मी म्हणालो. "मिस्त्रीला द्यायला पाहिजे होती."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. मी जेवायला बसलो की ते उठत. शेजारी आले की मला ऐकू जाईल असं म्हणत, "येवढं मिस्तरीला दिलं असतं, तर आज दोघं असते." दोन वर्षं मी हे ऐकलं. राग यायला हवा होता. दोन-तीनदा खरी गोष्ट अगदी ओठांवर आली, आणि मी पुढचा घास तोंडात घातला. चौकला नुसत्या तारा न आवळता मी ब्रेक उघडले असते तर वास मलाही आला असता, हेही होतंच.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला हाक मारून जवळ बसवलं. बराच वेळ नुसते माझ्या बोटांवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे रं. मी तुला माफ केलं हाय."

"बरं," मी म्हणालो.