चिंचेनं घासलेला रुपया

करोनानंतरच्या पहिल्या दिवाळीत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, काटेवाडीच्या माझ्या आत्यावर अन्याय झाला. परवा चिंच कोळताना तो आंबट वास आला आणि सगळं पुन्हा डोळ्यांपुढं उभं राहिलं. तिच्या आईनं दिलेला चांदीचा रुपया आत्या दर दिवाळीला चिंचेनं लख्ख घासून पूजेत मांडायची. लोणी देवकरला कामाला असलेल्या तिच्या मुलानं तो खरा की खोटा हे कळावं म्हणून नाणी तपासणाऱ्या एका कंपनीकडं पाठवला. रुपया परत आला तो प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद होऊन. वरचा शेरा मुलानं वाचला, "अस्सल, पण घासल्यामुळं खराब." "म्हंजी मी खराब केला व्हय रं?" आत्या म्हणाली. "फोड ती डबी. हळदकुंकू कुठं लावू?" "फोडली तर खरेपणाचा दाखला जातोय, आई." तिनं प्लास्टिकवरच कुंकू वाहिलं, ते घरंगळून पाटावर पडलं. पुढच्या दिवाळीला तिनं चिंच भिजवलीच नाही. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट असलेल्या बाजारात असा दाखला लागतो, मान्य. पण जे विकायचंच नाही, त्याला शेरा कशाला? तुमच्या देव्हाऱ्यातलं नाणं पाठवायच्या आधी ते घासणाऱ्या बाईला विचारा, आणि ती नको म्हणाली तर गप्प बसा.